संकल्पी हिंसा

उंदराला ताण द्यायचा म्हणजे प्रयोगशाळेत काय करतात, ते आधी सांगते. हवेपुरती भोकं असलेल्या पारदर्शक नळीत त्याला सरकवायचं आणि मागून बूच लावायचं. मग त्याला वळता येत नाही, तोंडसुद्धा पुसता येत नाही. बऱ्याच वेळाने डोळ्यांच्या कडा लाल दिसू लागतात. ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून पाझरणारं रंगद्रव्य असतं. पण नवा विद्यार्थी दचकतोच. शेवटी यकृत वाटून, थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून तापवायचं. गुलाबी रंग जितका गडद, तितकी पेशींच्या आवरणाची नासाडी जास्त. ई जीवनसत्त्व पाजलेल्या उंदरांचा रंग बहुधा फिका येतो.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवते. वाढले सांगलीकडच्या शेतकरी जैनांच्या घरात. आमच्याकडे हिंसा चार प्रकारची मानतात. चूल-केरात होते ती आरंभी, पोटापाण्याच्या कामात होते ती उद्योगी, स्वतःच्या बचावात घडते ती विरोधी आणि ठरवून केलेली ती संकल्पी. गृहस्थाला पहिल्या तिन्ही पुरत्या टळत नाहीत, चौथी मात्र सोडावीच लागते.

विद्यार्थी म्हणतात, मॅडम, संशोधन हा आपला उद्योगच की! मला ते मान्य नाही. नांगराखाली किडा मरतो तेव्हा शेतकऱ्याला त्याचं मरण नको असतं. इथे उंदीर घाबरला नाही, तर प्रयोगच फसला.

सगळेच प्रयोग बंद करा, असं मी म्हणत नाही. 1936 साली हान्स सेल्ये यांनी उंदरांत सुजलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि जठरातले व्रण दाखवले, तेव्हा ताणाचा शरीरावरचा ठसा दिसला. ते ज्ञान नवं होतं, आणि 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही नव्या शोधाचीच भाषा बोलतो. पण एम. फार्म.च्या प्रबंधांत पुन्हा तीच नळी, तीच जीवनसत्त्वं, फार तर जोडीला एखाद्या पाल्याचा अर्क! त्यात क जीवनसत्त्व उंदीर स्वतःच्या यकृतात बनवतो, माणसाला ते बनवता येत नाही. मग त्याच्याकडून मिळालेलं उत्तर आपल्याला कितपत लागू?

अशा प्रस्तावावर मी सही करत नाही. त्याऐवजी एका विद्यार्थिनीला मी पशुवैद्यांबरोबर एप्रिलमध्ये पोल्ट्रीच्या शेडवर पाठवलं, उन्हाचा ताण अभ्यासायला. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडी ठेवून धापा टाकते. मका-सोयाबीनच्या खाद्यात सगळ्यांत आधी मेथिओनिन कमी पडतं. त्यातूनच शरीर सिस्टीन घडवतं आणि सिस्टीनवाचून पेशींचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन तयार होत नाही. शेड माणसानेच बांधली, हे खरं. पण तिथला उन्हाळा आम्ही अभ्यासासाठी आणला नव्हता. पंखाच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं. खाद्यात घातलेलं मेथिओनिन आणि ई जीवनसत्त्व लागू पडलं, तर आराम त्याच कोंबडीला.

“पण ती कापलीच जाणार ना, मॅडम?” तिने विचारलं. हो, जाणार. आमच्या घरात कोंबडी शिजत नाही. तरी तोवरचे तिचे दिवस हिशेबात धरायचेच नाहीत, हे मला पटत नाही.