थैलीतील दोन वजने



आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरी अडचण उद्भवली म्हणजे मनाच्या एका कोपऱ्यात जे समाधान उत्पन्न होते, त्याची वाच्यता सहसा कोणी करीत नाही. नीतिसूत्रकाराने मात्र ते अचूक ओळखले होते. वैऱ्याच्या पतनाने हर्ष मानू नये, असा इशारा त्याने चोविसाव्या अध्यायात देऊन ठेवला आहे. हा इशारा केवळ भावनेपुरताच आहे काय? की अशा हर्षामध्ये न्यायबुद्धीचाही काही दोष दडलेला असतो? दुसऱ्याचे वर्तन मोजताना आपण हाती कोणते माप घेतो, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या विवेचनासाठी मी एक दूरदेशीचे उदाहरण घेत आहे. अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठाने आपल्या फुटबॉल संघासाठी केलेल्या प्रशिक्षकाच्या शोधाचे ते उदाहरण आहे.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो कोलकात्याच्या वा गोव्याच्या मैदानांवर दिसणारा फुटबॉल नव्हे. तेथील चेंडू लांबट असतो, तो बहुधा हातानेच खेळला जातो आणि खेळाडू शिरस्त्राण घालून उतरतात. महाविद्यालयीन संघांचे सामने मुख्यतः शरद ऋतूतील शनिवारी होतात व ते पाहण्यास हजारो लोक लोटतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित नोकरांपैकी सर्वाधिक वेतन घेणारा मनुष्य राज्यपाल नसतो, कुलगुरूही नसतो. तो सरकारी विद्यापीठाचा फुटबॉल प्रशिक्षक असतो. या प्रशिक्षकाकडे आणखी एक काम असते. तो सतरा-अठरा वर्षांच्या मुलांच्या घरी जातो, त्यांच्या आईवडिलांपुढे बसतो आणि शिष्यवृत्ती व शिक्षण यांचे आश्वासन देऊन मुलगा मागून घेतो. त्या मुलास प्रवेश द्यावा की नाही हे विद्यापीठाने ठरवावयाचे असते. म्हणून प्रशिक्षक कोणास नेमावे आणि प्रवेशाचे व अभ्यासाचे निकष किती कडक असावेत, हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत.

इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठ होली क्रॉस संघाचे फादर एडवर्ड सोरीन यांनी १८४२ मध्ये स्थापन केले. पवित्र मरियेच्या नावाने ओळखले जाणारे हे कॅथलिक विद्यापीठ फुटबॉलमुळे देशभर प्रसिद्धीस आले आणि आमचे खेळाडू खरोखर शिकतात, हा त्याचा अभिमानाचा विषय राहिला. कॅलिफोर्नियातील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाशी त्याची स्पर्धा १९२६ मध्ये सुरू झाली. प्रतिस्पर्ध्यांच्या समर्थकांना नोटर डेमविषयी बोलण्यास दोन वाक्ये नेहमी पुरतात. ते हरले तर म्हणावे, निकष ही केवळ सबब आहे. ते जिंकले तर म्हणावे, निकष हे केवळ ढोंग आहे. वाचकहो, या दोन वाक्यांत प्रतिस्पर्ध्याला सुटकेची वाट कोठे आहे ते शोधून पाहा. ती कोठेच नाही.

आता प्रशिक्षकाच्या शोधाकडे वळू. डिसेंबर २००१ मध्ये नोटर डेमने जॉर्ज ओलिरी यांची नेमणूक केली. पाचच दिवसांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. आपल्या माहितीपत्रकात त्यांनी जी पदव्युत्तर पदवी नोंदविली होती ती त्यांनी मिळविलेली नव्हती. महाविद्यालयात असताना फुटबॉल खेळल्याचा जो गौरव सांगितला होता तोही खरा नव्हता. प्रतिस्पर्ध्यांना हसावयास याहून चांगले निमित्त कोणते? ज्यांना आपल्या शैक्षणिक दर्जाचा अभिमान, त्यांनीच न मिळविलेल्या पदवीचा मनुष्य निवडला! परंतु याच घटनेची दुसरी बाजू पाहा. ती नोंद अनेक वर्षांपूर्वीची होती आणि प्रशिक्षकाच्या कौशल्याशी तिचा संबंध नव्हता. तरीही, दुसऱ्याची उत्तरे उतरवून काढणाऱ्या विद्यार्थ्याला जी संस्था शिक्षा करते, तिला खोट्या पदवीचा प्रशिक्षक ठेवणे शक्य नव्हते. विद्यार्थ्याला जे वजन, तेच प्रशिक्षकाला. ज्या प्रसंगी ती संस्था सर्वाधिक हास्यास्पद दिसली, त्या प्रसंगी ती आपल्या मापाशी प्रामाणिक होती.

पुढील प्रसंग अधिक कठीण आहे. ओलिरी यांच्या जागी स्टॅनफर्ड विद्यापीठातून टायरोन विलिंगहॅम आले. नोटर डेमच्या कोणत्याही खेळात मुख्य प्रशिक्षक झालेले ते पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ. २००२ च्या हंगामात त्यांच्या संघाने दहा सामने जिंकले व तीन गमावले. पुढील वर्षी पाच जिंकले, सात गमावले. २००४ मध्ये सहा जिंकले, पाच गमावले. सदर्न कॅलिफोर्नियाकडून तीनही वर्षे पराभव झाला आणि तिन्ही वेळा तो बरोबर ३१ गुणांनी झाला. त्यांतील शेवटच्या पराभवानंतर तिसऱ्या दिवशी, ३० नोव्हेंबर २००४ रोजी, सहा वर्षांचा करार निम्म्यावर आला असता त्यांना दूर करण्यात आले. क्रीडाप्रमुखांनी जे कारण दिले त्याचा आशय असा, की रविवारपासून शुक्रवारपर्यंतचे काम सर्व दृष्टींनी अपेक्षेहून सरस होते, परंतु शनिवारी पुरेशी प्रगती झाली नाही. विद्यापीठाचे तत्कालीन अध्यक्ष फादर एडवर्ड मलॉय यांनी त्यानंतर थोड्याच दिवसांत, या निर्णयाची आपल्याला लाज वाटली, असे जाहीरपणे सांगितले.

त्यानंतर नवा शोध सुरू झाला. अर्बन मायर हे नोटर डेमचे माजी साहाय्यक प्रशिक्षक हवे होते, पण त्यांनी फ्लोरिडा विद्यापीठ पत्करले. प्रतिस्पर्धी पुन्हा हसले. अखेर नोटर डेमचेच माजी विद्यार्थी चार्ली वाइस यांची नेमणूक झाली आणि २००५ च्या पहिल्याच हंगामाच्या मध्यावर त्यांना दहा वर्षांचा नवा करार देण्यात आला. २००९ च्या ३० नोव्हेंबरला त्यांनाही दूर करण्यात आले, तेव्हा त्यांच्या नावे ३५ विजय व २७ पराभव होते. विलिंगहॅम यांचे २१ विजय व १५ पराभव. हिशेब मांडला तर विलिंगहॅम यांचे विजयाचे प्रमाण किंचित अधिकच भरते. एकाला तीन वर्षे, दुसऱ्याला पाच. केवळ अंकांवरून कोणाच्या अंतःकरणातील हेतू सिद्ध होत नाही, हे खरे. पण दोघांसाठी तराजूत एकच वजन टाकले होते काय, हा प्रश्न त्या काळी उघडपणे विचारला गेला आणि तो विचारणे रास्त होते.

येथे मला अनुवादाच्या पुस्तकातील पंचविसाव्या अध्यायाचे स्मरण होते. थैलीत लहान व मोठी अशी दोन प्रकारची वजने असू नयेत, अशी तेथे आज्ञा आहे. मूळ इब्री भाषेत वजनासाठी ‘दगड’ हाच शब्द योजलेला आहे, कारण त्या काळी व्यापारी घासून तयार केलेले दगड थैलीत घालून हिंडत. भाषांतर करताना ‘दगड’ लिहिले तर मराठी वाचक बुचकळ्यात पडेल, म्हणून आपण ‘वजन’ लिहितो. परंतु दगड म्हटल्याने एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्या हाती तो असतो त्याखेरीज त्याचा खरेपणा इतरांना कळणे कठीण असते. दुसरी गोष्ट अशी, की ही आज्ञा खोट्या वजनाने माल तोलण्यापाशी थांबत नाही. दोन वजने जवळ बाळगण्यासच ती मनाई करते. दुसरा दगड थैलीत असला की तो वापरण्याचा दिवस कधी ना कधी उगवतोच. आपल्याकडे ‘मापात पाप’ म्हणतात, ते यालाच. नोटर डेमच्या थैलीत रविवार ते शुक्रवारचा एक दगड होता आणि शनिवारचा दुसरा.

मग प्रतिस्पर्ध्यांच्या थैलीत काय होते? सदर्न कॅलिफोर्नियाच्या त्याच वैभवकाळातील एका तेजस्वी खेळाडूने व त्याच्या कुटुंबाने नियमबाह्य लाभ घेतल्याचे ठरून २०१० मध्ये त्या विद्यापीठावर कठोर कारवाई झाली आणि अनेक विजय नोंदींतून रद्द झाले. २०१९ मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेशघोटाळ्यात, कधी न खेळलेल्या श्रीमंतांच्या मुलांना खेळाडू म्हणून दाखवून प्रवेश मिळवून दिलेल्या विद्यापीठांत त्याचेही नाव आले. आणि नोटर डेमने तरी निश्चिंत राहावे काय? २०१६ मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनेने त्याचे २०१२ व २०१३ या हंगामांतील २१ विजय रद्द केले, कारण संघाशी संबंधित एका विद्यार्थी-साहाय्यकाने काही खेळाडूंचे अभ्यासाचे काम करून दिले होते. नोटर डेमने स्वतः चौकशी करून जुने गुण फेरतपासले, आणि त्यामुळेच ते खेळाडू अपात्र ठरले. याउलट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १८ वर्षांच्या काळात तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी कधीही न भरणाऱ्या वर्गांचे गुण मिळविल्याचे २०१४ च्या चौकशीत आढळले. पण ते वर्ग सर्वांनाच खुले होते, या कारणास्तव २०१७ मध्ये त्याच संघटनेने त्यासाठी शिक्षा केली नाही. ज्याने आपली चूक शोधली त्याचे विजय गेले. ज्याच्याकडे ढीगभर चुका होत्या तो सुटला. न्यायाधीशाच्या थैलीतही दोन दगड असू शकतात.

कोणी म्हणेल, मग सर्वांनी निकष अधिकाधिक कडक करावेत. हे उत्तर वाटते तितके सोपे नाही. खेळाडूंच्या पात्रतेसाठी किमान शालेय गुण व प्रवेशपरीक्षेचे गुण आवश्यक करणारा नियम अमेरिकेत १९८३ मध्ये संमत झाला व १९८६ पासून अमलात आला. पुढे तो अधिक कडक करून अपात्र मुलांची शिष्यवृत्तीही बंद करण्याचे ठरले, तेव्हा जानेवारी १९८९ मध्ये जॉर्जटाउन या दुसऱ्या एका कॅथलिक विद्यापीठाचे बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन थॉम्प्सन सामना सुरू होण्याच्या सुमारास मैदान सोडून निघून गेले. ज्या परीक्षेच्या तयारीची साधने गरीब, कृष्णवर्णीय मुलांना मिळतच नाहीत, तिच्या आधारे त्यांचे शिक्षणाचे दार बंद करणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. या निषेधाचा परिणाम होऊन तो नियम पुढे सौम्य करण्यात आला.

यावरून एक भेद आपण मनात पक्का केला पाहिजे. खरे वजन म्हणजे जड वजन नव्हे. कमी गुणांच्या मुलास प्रवेश देऊन त्याला धीराने, प्रत्यक्ष शिकविणारे महाविद्यालय प्रामाणिक असू शकते. उंच निकषांची पाटी लावून मागील दाराने त्या मोडणारे महाविद्यालय अप्रामाणिक असते. ज्या मातेला तिचा मुलगा शिकेल असे वचन दिले, त्या वचनाचे पुरे माप तिच्या पदरात पडले काय, हीच कसोटी. २०२५ पासून तेथील विद्यापीठांना खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मोकळीक मिळाली आहे. पैशाचा व्यवहार आता उघड झाला हे एका अर्थी बरेच झाले. परंतु शिक्षणाचे वचन त्या व्यवहारात गहाळ होण्याचा धोका वाढला आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक शोधत असताना आपण त्याच्यासाठी काय इच्छावे? त्याने आपले निकष सांभाळून उत्तम मनुष्य मिळवावा, हीच इच्छा न्याय्य आहे. ही केवळ उदारता नव्हे. मैदानाची लांबी दोन्ही संघांना सारखीच असते आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये तर पहिल्या व तिसऱ्या भागानंतर संघ बाजूही बदलतात, म्हणजे ऊन व वारा दोघांच्याही वाट्याला यावेत. स्पर्धेचा अर्थच मुळी समान माप हा आहे. मैदानाच्या आत जे माप आपण मान्य करतो ते बाहेर येताच टाकून दिले, तर आपला विजय कशाचा? प्रतिस्पर्ध्याने मोहाला बळी पडून निकष सोडावेत अशी ज्याची इच्छा आहे, त्याने स्वतःचे निकष मनातल्या मनात आधीच सोडलेले असतात. शिवाय प्रतिस्पर्ध्याच्या संघात जी मुले आहेत, त्यांच्या आयांनाही वचन दिलेले आहे.

वाचकहो, आपणांपैकी पुष्कळांनी हा खेळ कधी पाहिलाही नसेल. पण शेजारच्या ख्रिस्ती महाविद्यालयाला प्राचार्य मिळत नाही अशी वार्ता येते, दुसऱ्या पंथाच्या शाळेचा निकाल घसरतो, किंवा खेळाडूंच्या राखीव जागांवर कोणाला प्रवेश मिळाला याची चर्चा रंगते, तेव्हा आपण काय बोलतो? त्यांनी कडक राहावे तर आपण त्यांना गर्विष्ठ म्हणतो, सवलत द्यावी तर भ्रष्ट म्हणतो. आणि आपल्या संस्थेने तेच केले तर पहिल्याला तत्त्वनिष्ठा व दुसऱ्याला दयाळूपणा असे नाव देतो. शब्द बदलले की दगड बदलला असे समजावे.

म्हणून पुढच्या वेळी प्रतिस्पर्ध्याची अडचण कानी पडली, तर अभिप्राय देण्यापूर्वी एकच वाक्य मनाशी म्हणून पाहावे: हेच आमच्या घरी घडले असते तर मी काय म्हटले असते? उत्तर वेगळे आले, तर दुसरा दगड अजून थैलीत आहे. तो काढून टाकण्यास कोणाच्या अनुमतीची गरज नाही.