घडीचा दस्ता

ओहायोत राहणारा माझा एक मित्र सध्या बंदुकीचा दस्ता निवडतोय. रायफल तशी साधी, रुगर १०/२२. तिचं काडतूस रिमफायर, म्हणजे ठिणगी पाडणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला. १९६४पासून ती बाजारात आहे आणि तिकडच्या कितीतरी मुलांची ती पहिली बंदूक असते. खारींची शिकार करायची, नाहीतर रिकामे डबे उडवायचे. लांबी साधारण ३७ इंच. मित्राला ती पाठीवरच्या सॅकमध्ये मावायला हवी आहे, म्हणून बिजागरीवर दुमडणारा दस्ता.

बिजागरी ढिली असेल तर नेम हलतो, एवढं त्याला माझ्याहून चांगलं कळतं. मला अडकवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. दस्ता दुमडला म्हणून गोळीचा वेग बदलत नाही. नळी तीच, जखम तीच. मग बंदूक जास्त वाईट होते का?

अमेरिकेच्या १९९४च्या कायद्याला आकार महत्त्वाचा वाटला होता. त्यात सूट दिलेल्या बंदुकांची एक यादी होती. तिच्यात रुगरचीच मिनी-१४ होती, कंसात अट घालून : घडीचा दस्ता नसलेली. २००४मध्ये तो कायदा संपला. बंदूकवाले त्या कंसाची टिंगल करतात आणि ती अगदीच अस्थानी नाही. आजच्या संघीय कायद्यात रायफलची एकूण लांबी किमान २६ इंच लागते, नाहीतर वेगळी नोंदणी. पण ती मोजायची दस्ता उघडून! म्हणजे जी लांबी सॅकमध्ये लपते, ती मोजलीच जात नाही.

‘अरे, पॉइंट टू-टूच तर आहे,’ हे त्याचं पालुपद. १९६८मध्ये रॉबर्ट केनेडी पॉइंट टू-टूच्याच गोळीनं गेले.

मी इंच सोडून सेकंद मोजतो. याच रायफलचा दुसरा प्रकार मिळतो, नळी आणि दस्ता वेगळे करून ठेवायचा. तोही सॅकमध्ये मावतो. पण वापरायचा तर आधी दोन तुकडे जोडावे लागतात, नीट बसलेत का बघावं लागतं. घडीच्या दस्त्याला एक झटका पुरतो. काही तर दुमडलेले असतानाही गोळी झाडता येते. दोन्हींत फरक आहे तो या मधल्या वेळेचा. राग, भीती, निराशा यांना तेवढ्यात जरा उतरायला जागा मिळते.

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेत बंदुकीनं होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. त्याच्या घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे. हसरा आहे, अभ्यासात बरा आहे. त्यावरून मी काही ठरवणार नाही.

मित्र म्हणतो, ‘बंदूक कुलपात असते, किल्ली माझ्याकडे. आणि थंडीत बोटं गारठली की तुकडे जोडत बसणं म्हणजे काय, ते तुला पुण्यात बसून कळायचं नाही.’ बरोबर आहे. कुलूप हाही वेळच आहे, दस्त्यापेक्षा मोठा. पण सॅक जंगलातून परत आली की काही तास दाराशी पडलेली असते. ती मी व्हिडिओ कॉलवर पाहिली आहे.

हे त्याला परवा सांगितलं. त्यानं उत्तर दिलं नाही. दोन्हींच्या किमती तेवढ्या पाठवल्या.