अमानत

गोदाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एक वरिष्ठ महाविद्यालय आहे. परभणी जिल्ह्यातल्या इतर महाविद्यालयांसारखंच तेही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेलं. तिथल्या कार्यालयात आवक-जावकाच्या टेबलावर एक काका बसत. 27 वर्षं त्याच टेबलावर. पोरं त्यांना आवक-जावक काका म्हणूनच ओळखत. त्यांचं अक्षर मोत्यासारखं होतं आणि त्यांच्या हातून आजवर एकही कागद गहाळ झालेला नव्हता. याचा त्यांना अभिमान होता.

2023 च्या ऑगस्टमधली गोष्ट. खिडकीपुढची रांग सरेपर्यंत एक मुलगी भिंतीला टेकून उभी राहिली. बी.एस्सी. द्वितीय वर्षाची, रोज एसटीनं येणारी. सगळे गेल्यावर तिनं चार घड्या घातलेला कागद पुढं केला.

“काका, हे फक्त तक्रार समितीच्या मॅडमना द्यायचं.”

“देतो की माय,” काका म्हणाले.

त्यांनी घडी उघडली, कागद वाचला, शिक्का मारला, क्रमांक टाकला. नोंदवहीत ‘कोणाकडून’च्या रकान्यात मुलीचं पूर्ण नाव आणि वर्ग आला. ‘विषय’ या रकान्यात त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं : प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याकडून छळ झाल्याबाबत. मग मुलीला पोच दिली. नोंदवही नेहमीप्रमाणे टेबलावर उघडीच राहिली.

प्राचार्य बैठकीला परभणीला गेले होते. काकांनी त्यांना फोन केला. “काय लिहिलंय बघू, फोटो टाका,” ते म्हणाले. काकांनी मोबाइलवर फोटो काढला आणि रोजची परिपत्रकं जिथं टाकत, तिथंच टाकला. कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर.

चार मिनिटांनी चूक लक्षात आली. त्यांनी घाईघाईनं तो फोटो सर्वांसाठी काढून टाकला. पण तेवढ्यात कोणीतरी तो उतरवून घेतला होता. अर्जात काय नव्हतं? मुलीचं नाव, वडिलांचं नाव, गाव, मोबाइल नंबर, प्रात्यक्षिकाचा वार आणि वेळ, त्या माणसानं काय केलं आणि काय म्हटलं, ते सगळं. संध्याकाळी सातला तो फोटो तिच्या गावातल्या पारावर हातोहात फिरत होता.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील आले. डोक्याला पटका, हातात टीसी मागणारा अर्ज. काकांनी तो घेतला. त्यालाही आवक क्रमांक द्यायचा होताच. ते विषय लिहीत असताना वडील हळू आवाजात म्हणाले,

“साहेब, पोरीनं कागद तुमच्या हाती देल्ता ना? मग गावात कसा आला?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. काकांचा पेन तिथंच थांबला. त्यांच्या हातून एकही कागद हरवला नव्हता, हा कागदही नाही. तो जागेवरच होता, शिक्क्यासकट. हरवलं होतं ते दुसरंच काहीतरी.

ते उठून थेट समितीच्या मॅडमकडं गेले आणि म्हणाले, “चूक माझी आहे. लिहून घ्या.”

समितीची बैठक झाली. बाहेरच्या सदस्य म्हणून परभणीहून एक वकील ताई येत. त्यांनी काकांवर आवाज चढवला नाही. कायद्याचं पुस्तक उघडून त्यांच्यापुढं सरकवलं.

“कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं हे कलम 16,” त्या म्हणाल्या. “तक्रारीतला मजकूर, तक्रार करणारीचं नाव-पत्ता, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचं नाव, साक्षीदारांची नावं, चौकशीत काय झालं, समितीनं काय शिफारस केली, यातलं काहीही कोणापुढं उघड करायचं नाही. माहितीच्या अधिकारात मागितलं तरी द्यायचं नाही. न्याय मिळाला, एवढं सांगता येतं, तेही कोणाची ओळख पटणार नाही अशा रीतीनं. ज्याच्यावर ही जबाबदारी आहे त्यानंच ती मोडली, तर कलम 17 प्रमाणे त्याला शिक्षा आहे.”

काका खाली मान घालून ऐकत होते. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “पण ताई, त्या राजस्थानातल्या भंवरीदेवींचं नाव तर साऱ्या देशाला माहीत आहे. टीव्हीवर ऐकलंय मी.”

“बरोबर आहे. 1992 मध्ये एक बालविवाह रोखायला गेल्या म्हणून त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातूनच विशाखा खटला उभा राहिला आणि 13 ऑगस्ट 1997 ला सर्वोच्च न्यायालयानं पहिली मार्गदर्शक तत्त्वं दिली. आजचा कायदा त्यावरच उभा आहे. पण काका, भंवरीदेवी स्वतःच्या नावानिशी लोकांपुढं उभ्या राहिल्या, लढल्या. ज्याचं नाव, ते सांगायचा हक्क त्याचाच. या मुलीला आपण कोणी विचारलं होतं का?”

सेवानियमांप्रमाणे काकांची एक वेतनवाढ रोखली गेली, सेवापुस्तकात ताकीद नोंदवली गेली. त्यांनी तक्रार केली नाही. प्राचार्यांनीही फोटो मागितल्याची चूक बैठकीत कबूल केली आणि इतिवृत्तात लिहायला लावली.

वकील ताई मुलीला भेटायला तिच्या गावी गेल्या. महाविद्यालयाच्या गाडीनं गेलं तर पुन्हा गावभर चर्चा होईल, म्हणून एसटीनं, एकट्याच गेल्या. मुलगी म्हणाली, “मला आता जबाब द्यायचा नाही.” मग दारापर्यंत सोडायला आली तेव्हा तिनं विचारलं, “ताई, तो फोटो सगळ्यांच्या मोबाइलमधून परत घेता येतो का?”

ताईंकडं उत्तर नव्हतं. मुलीविना चौकशी पुढं सरकली नाही. तो कर्मचारी जिथल्या तिथं राहिला.

हे कळलं त्या रात्री काकांना झोप आली नाही. त्यांना आजीचं पेव आठवलं.

त्यांच्या लहानपणी गावात ज्वारी पेवात ठेवत. उंचवट्याची कोरडी जागा बघून जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, आतून कडबा लावायचा, दाणा भरायचा आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आजीच्या पेवात शेजारपाजारच्या तीन-चार घरांचाही दाणा असे. कोणाच्या किती पायल्या, हे तिच्या दोरीच्या गाठींत. त्या गाठी तिलाच वाचता येत.

1972 च्या दुष्काळात काका सहा वर्षांचे होते. कोणाच्या घरी किती दाणा उरलाय हे बाहेर फुटलं, की त्या घराची झोप उडायची. उसनं मागणारे यायचे, वसुलीवाले यायचे, रात्री चोर यायचे. एक दिवस सावकाराचा माणूस आजीच्या ओट्यावर येऊन बसला. “तुझ्या पेवात कोणाकोणाचं आहे गं?” त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं. आजी म्हणाली, “दाणा माझ्यापाशी आहे, पण माझा नाही. अमानत आहे. तिचं तोंड ज्याचं त्याच्यासमोर उघडतं.”

अमानत हा निजामाच्या राजवटीतला शब्द. 17 सप्टेंबर 1948 ला राजवट गेली, शब्द मात्र मराठवाड्याच्या तोंडी राहिला. विश्वासानं दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू, जशीच्या तशी सांभाळायची, मागेल तेव्हा परत द्यायची, तिच्यावर आपला हक्क सांगायचा नाही. आजीला अक्षर येत नव्हतं, पण अमानत कळत होती. काकांचं अक्षर मोत्यासारखं होतं, आणि त्यांनी भर पावसात पेव उघडं टाकलं होतं.

सकाळी ते मॅडमकडं गेले. “ही व्यवस्था बदलायची. मी मदत करतो. कागद कुठंकुठं गळतो ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.”

आणि खरंच होतं ते. काका एकेक गळती दाखवत गेले. आवक नोंदवहीत यापुढं ‘गोपनीय लिफाफा’ आणि क्रमांक, एवढंच येईल. लिफाफा फोडणार त्या मॅडमच. तक्रार घ्यायचा छापील नमुना काकांनी वाचून काढला. त्यात वडिलांचा मोबाइल नंबर होता, जातीचा रकाना होता. “हे कशाला लागतं?” त्यांनी विचारलं. कोणालाच सांगता येईना. ते रकाने खोडले. संगणकावर एक ऑनलाइन नमुनाही होता. त्यात भरलेल्या माहितीची यादी लिंक असलेल्या कोणालाही उघडत होती, आणि ती लिंक तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या दोघांकडंही होती. ती बंद झाली. मूल्यांकनासाठी नॅकची समिती यायची तेव्हा टेबलावर मांडायच्या फायलीत मूळ तक्रारी लावलेल्या होत्या. त्या काढल्या, फक्त संख्या ठेवली. जबाबासाठी शिपाई वर्गात जाऊन मोठ्यानं नाव पुकारायचा. तेही थांबलं.

प्रत्येक तक्रारीला क्रमांक. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात अशाच एका प्रकरणात पक्षकारांची नावं न लिहिता अक्षरं वापरली गेली, हे वकील ताईंनी सांगितलं होतं. क्रमांक कोणाचा, हे सांगणारा एकच कागद, कुलूपबंद कपाटात, किल्ली मॅडमकडं. फाइल कोणी, कधी, कशासाठी पाहिली, त्याची सही घ्यायची. मोबाइलवर फोटो काढायचा नाही. ज्याच्यावर तक्रार आहे त्याला तक्रारीची प्रत सात दिवसांत द्यावीच लागते, कारण उत्तर देण्याचा त्यालाही हक्क आहे. पण त्या प्रतीवर मुलीचा नंबर आणि पत्ता कशाला? तो झाकायचा. आणि त्याचंही नाव, दोष ठरेपर्यंत आणि ठरल्यावरही, चव्हाट्यावर येऊ द्यायचं नाही.

“ही तक्रार आली त्याच महिन्यात, 11 ऑगस्टला, डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली,” वकील ताई म्हणाल्या. “तो अमलात यायला वेळ लागेल. पण त्याचा गाभा काकांनी आत्ताच सांगितला. लागेल तेवढीच माहिती घ्या, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा, आणि सांभाळा.”

प्राचार्यांना एक शंका होती, आणि ती रास्त होती. “इतकं झाकून ठेवलं तर लोक म्हणतील, महाविद्यालयानं प्रकरण दाबलं.”

याचं उत्तर काकांनीच दिलं. “सर, पेवात दाणा पुरून टाकायला ठेवत नाहीत. वेळेला बाहेर काढायला ठेवतात. ज्यानं पेव भरलं आणि उघडलंच नाही, त्यानं दाणा सडवला. आपण नाव झाकू, काम उघडं ठेवू.”

म्हणून सूचना फलकावर नवा तक्ता लागला. समितीत कोण आहे, तक्रार कुठं द्यायची, ती तीन महिन्यांच्या आत द्यावी, लिहिता येत नसेल तर समिती लिहून देईल, चौकशी 90 दिवसांत संपेल. त्याखाली : या वर्षी आलेल्या तक्रारी किती, निकाली किती. नाव एकही नाही.

पुढच्या फेब्रुवारीत एक गोपनीय लिफाफा आला. तो तक्रारपेटीत होता, त्यामुळं कोणी टाकला ते काकांनी पाहिलं नाही. त्यांनी नोंदवहीत क्रमांक लिहिला आणि लिफाफा न उघडता मॅडमकडं पोचवला. हातात असताना एकदाच त्यांचा अंगठा कडेवर रेंगाळला. 27 वर्षांची सवय होती. त्यांनी अंगठा उचलून घेतला.

चौकशी 90 दिवसांच्या आत संपली. तोच प्रयोगशाळेतला कर्मचारी होता. दोष सिद्ध झाला, त्याच्यावर कारवाई झाली. चहाच्या टपरीवर चर्चा झाली ती एवढीच, की समितीनं काम केलं. कोणामुळं झालं, हे कोणालाच सांगता येईना. पहिल्या मुलीला वकील ताईंनी निरोप दिला. ती तोवर दुसऱ्या तालुक्यातल्या महाविद्यालयात शिकत होती. ती फोनवर बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तिचं नाव कोणाला कळलं नाही ना?”

“नाही.”

“मग बरं झालं.”

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले. खिडकीपुढं पुन्हा रांग लागली. कोणी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन, कोणी बोनाफाइडसाठी. मुली येत होत्या, काका शिक्का मारून पोच देत होते. त्यांच्यातली एक तो लिफाफा टाकणारी होती. समोर आली असेल, “काका, लवकर करा, बस जाईल,” म्हणाली असेल, पोच घेऊन निघूनही गेली असेल. काकांनी प्रत्येकीकडं पाहिलं. त्यातली ती कोण, हे त्यांना ओळखता आलं नाही.

27 वर्षांत त्यांना इतकं समाधान कधी वाटलं नव्हतं.

बोध : दुःख सांगणारा माणूस आपलं नाव, गाव, नंबर आपल्या हाती देतो, तेव्हा तो आपल्याला अधिकार देत नाही, अमानत देतो. तिचं तोंड तिच्या धन्यासमोरच उघडावं, आणि न्यायाचं काम मात्र कधी झाकून ठेवू नये.