कोंढाण्याचं लगीन

मतदाराच्या बोटावरची शाई पुसली जाते की टिकते, यावर सर्वांत जास्त शब्द त्यांनी खर्च केले ज्यांच्या बोटाला ती लागलीच नव्हती. सॅनिटायझर, ॲसिटोन, नेलपॉलिश रिमूव्हर, सगळे प्रयोग झाले. राज्य निवडणूक आयोगाला जाब विचारायलाच हवा होता, आणि शाई लावायला वापरलेल्या मार्कर पेनाबद्दलचा खुलासा कुणाचे समाधान करण्यासारखा नव्हता, हेही कबूल. फक्त 15 जानेवारी 2026ला, महापालिकांच्या मतदानाच्या दिवशी, दिवसभर ते बोट नेमके कुठे होते, एवढे कुणी सांगेल का?

बहुधा स्क्रीनवर होते. मुंबईत साधारण 53 टक्के मतदान झाले. 2017 मध्ये ते 55च्या पुढे होते. नऊ वर्षांनी निवडणूक आली आणि टक्का घसरला. जे मुळातच उदासीन आहेत त्यांच्याकडून या स्तंभाची काही अपेक्षा नाही. ते निदान प्रामाणिकपणे उदासीन असतात. बोलायचे आहे ते दुसऱ्या मंडळींबद्दल: जी वाचतात, रोज अस्वस्थ होतात, संविधानाची उद्देशिका प्रोफाइलवर लावतात आणि पिआनोच्या करुण सुरांवर अन्यायाची रील टाकतात. (अन्याय सांगायला पार्श्वसंगीत कशाला लागते, याचे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.)

सबबी नेहमीच्याच. नाव गावाकडच्या यादीत आहे, त्या दिवशी शिफ्ट होती, चार-चार सदस्यांचा प्रभाग डोक्यावरून जातो, सगळे पक्ष सारखेच. उमेदवारच नव्हता ही सबब तर काही ठिकाणी अक्षरशः खरी होती. राज्यभरात साठाहून अधिक जण बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदाराने करायचे तरी काय? तेव्हा या सबबी सोडून देऊ. एक मात्र सोडवत नाही.

‘देशात काय चाललंय, आणि तुम्ही गटाराचं काय घेऊन बसलात?’

ही सबब मोठी देखणी आहे. ती देणारा माणूस आळशी दिसत नाही, उलट तुमच्यापेक्षा दोन बोटे उंच दिसतो. तुम्ही तुंबलेल्या चेंबरची तक्रार घेऊन उभे असता आणि तो इतिहासाच्या चेंबरमध्ये डोकावत असतो. त्याच्याकडे प्राधान्यक्रम तयार असतो. आधी गाझा, मग संविधान, मग हवामान, मग भांडवलशाहीचा अंत. प्रभाग या यादीत येतच नाही. तो बाकीच्यांच्या मागून आपोआप सुटणारा प्रश्न आहे. क्रांती झाली की नालेसफाई ओघाने होईल, असा काहीसा हिशेब. भांडवलशाही कोसळल्यावर तिचा राडारोडा कोणत्या क्षेत्रीय कार्यालयाने उचलायचा, याचा खुलासा मात्र कोणत्याही धाग्यात सापडत नाही.

आधी लगीन कोंढाण्याचं, मग रायबाचं, असे तानाजी म्हणाला हे खरे. पण म्हणाला आणि कोंढाण्यावर गेला. इथे कोंढाण्याची स्टोरी टाकली जाते, ती चोवीस तासांत आपोआप विरून जाते, आणि रायबा बिचारा मुंडावळ्या बांधून बसलेला राहतो. गड कुणी चढत नाही आणि लग्नही कुणी लावत नाही. ‘मोठा लढा’ म्हणताना तो लढा कुठे, कोणत्या वाराला, कोणत्या दारात लढायचा आहे, एवढे विचारून पाहा. समोरून ‘जनजागृती’ असे उत्तर येते. जागृती कुणाची? जे फॉलो करतात त्यांची. ते आधीच जागे आहेत. खरे तर रात्री दोनपर्यंत जागे असतात.

निवडणुकीनंतर महापौरपदाची सोडत निघाली आणि याच मंडळींनी उसासा टाकला, ‘मुंबईला ममदानी कधी मिळणार?’ इथे हसावे की रडावे ते कळेना. झोहरान ममदानी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आला तेव्हा दादर ते डेक्कन सगळीकडे जल्लोष झाला. मीरा नायरचा मुलगा, त्यात डाव्या विचारांचा, म्हटल्यावर आनंद साहजिक आहे. पण तो निवडून आला कशावर? घरभाडे, बसचे तिकीट, पाळणाघर, किराणा. म्हणजे थेट गटाराच्या शेजारचे विषय. त्याच्या रील इथे मिटक्या मारत पाहिल्या गेल्या. ज्या हजारो स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने लोकांची दारे ठोठावली, त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नाही. दार ठोठावण्याला पिआनो बसत नाही.

आणखी एक गंमत. न्यूयॉर्कची बससेवा एमटीए या राज्य पातळीवरच्या प्राधिकरणाच्या हातात आहे. महापौराला एकट्याच्या सहीने ती फुकट करता येत नाही, अल्बनीतल्या राज्य सरकारला राजी करावे लागते. आपली ‘बेस्ट’ मात्र थेट मुंबई महापालिकेचा उपक्रम. 9 मे 2025 पासून तिचे किमान भाडे पाचावरून दहा रुपये झाले, वातानुकूलित बसचे सहावरून बारा. म्हणजे एका फटक्यात दुप्पट. तेव्हा महापालिकेत नगरसेवक नव्हते, त्यामुळे त्यांची बेस्ट समितीही नव्हती. ब्रुकलिनच्या बसभाड्यावर हिरिरीने बोलणाऱ्या किती जणांनी या दहा रुपयांबद्दल चार ओळी लिहिल्या? ब्रुकलिनची बस जवळची आणि सायनची लांबची, असे का व्हावे?

आणि महापौराचे म्हणाल तर आपल्याकडे तो थेट मतदानाने निवडला जात नाही. नगरसेवक त्याला अडीच वर्षांसाठी निवडतात, पद कोणत्या प्रवर्गाकडे जाणार ते चिठ्ठी ठरवते आणि तिजोरीच्या किल्ल्या आयुक्तांकडे राहतात. इथे उद्या साक्षात ममदानी जरी आला, तरी त्याला आधी एखाद्या प्रभागातून नगरसेवक म्हणून निवडून यावे लागेल. ज्या प्रभागाचा क्रमांक त्याच्या चाहत्यांना ठाऊक नाही, त्या प्रभागातून.

आता ‘देशात काय चाललंय’ याकडे वळू. कारण तो प्रश्न खोटा नाही, आणि म्हणूनच जास्त राग येतो. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली. मुदत संपण्याआधी निवडणूक झाली पाहिजे, असे संविधानाचे कलम 243-यू सांगते. 74व्या घटनादुरुस्तीने ते घातले गेले. प्रत्यक्षात ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादांत घोंगडे भिजत पडले, 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तारखांसकट आदेश दिला, त्यानंतरही आणखी मुदतवाढ मागून झाली. या काळात मुंबईचे अंदाजपत्रक 74 हजार 427 कोटींवर पोचले. मांडणारे आयुक्त आणि मंजूर करणारे प्रशासक, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच व्यक्ती. लोकप्रतिनिधींशिवाय एक अख्खे महानगर जवळजवळ चार वर्षे चालले. लोकशाहीच्या गळचेपीचे उदाहरण हवे होते ना? ते घराच्या खालीच पडले होते. हंगेरीपर्यंत जायची गरज नव्हती. पण त्यात खलनायकाचा चेहरा नव्हता; होती ती न्यायालयातली पुढची तारीख. तारखेची रील होत नाही.

मतदार यादीचेही तेच. ‘मतचोरी’वर 2025च्या ऑगस्टपासून रान उठले होते. नोव्हेंबरमध्ये मुंबईच्या प्रभागनिहाय प्रारूप याद्या लागल्या, त्यात सुमारे 11 लाख दुबार नोंदी असल्याचे समोर आले आणि हरकती घ्यायला मुदत मिळाली. म्हणजे ज्या यादीवर संशय होता ती यादी हातात आली होती. पक्षांचे कार्यकर्ते, काही निवृत्त गृहस्थ, काही सोसायट्यांचे सचिव ती पाने बोटांनी खाली सरकवत बसले. बाकीच्यांनी लिंक पुढे पाठवली.

पुरोगामी परंपरेचा वारसा सांगणाऱ्यांना एक आठवण करून द्यायला हरकत नाही. ‘गुलामगिरी’ 1873ची. ‘शेतकऱ्याचा असूड’ 1883चा. या दोहोंच्या मधली काही वर्षे, 1876पासून, जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. ज्या माणसाने वर्णव्यवस्थेच्या मुळावर घाव घातला, तो नगरपालिकेच्या सभेत बसून व्हाइसरॉय लिटनच्या स्वागतासाठी मागितलेल्या हजार रुपयांना विरोध करत होता; ते पैसे शिक्षणावर घाला म्हणत होता. हजार रुपयांसाठी! आजच्या हिशेबाने हा माणूस ‘किरकोळ मुद्द्यांत अडकलेला’ ठरला असता.

महाडची गोष्ट तर पुन्हा नीट वाचण्यासारखी आहे. चवदार तळ्याचा सत्याग्रह सगळ्यांना पाठ असतो, त्याच्या आधीची कागदपत्रे नसतात. 1923 मध्ये सी. के. बोले यांचा, म्हणजे रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा, ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावरच राहिला. तळ्याकडे कुणी फिरकले नाही, कारण फिरकण्याची हिंमत होईल अशी स्थिती नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले, तेव्हा त्यांच्या पायाखाली नगरपालिकेच्या त्या ठरावाची जमीन होती. पुढे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने ठराव मागे घेतला. सनातन्यांना त्या ठरावाचे महत्त्व बरोबर कळले होते. डिसेंबरात मनुस्मृती जाळली गेली, आणि तळ्याचा दावा कोर्टात चालत राहून 1937 मध्ये उच्च न्यायालयात निकाली निघाला. माणुसकीचा एवढा मोठा लढा, आणि त्याच्या तळाशी एका तालुक्याच्या गावातल्या पाणवठ्याचा नगरपालिकेचा ठराव. यातले मोठे कोणते आणि किरकोळ कोणते, ते ज्याने त्याने ठरवावे.

मृणाल गोरे 1961 मध्ये मुंबई महापालिकेवर गेल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी इतक्या भांडल्या की पाणीवाली बाई हेच नाव झाले. आणीबाणीत त्या तुरुंगात होत्या आणि 1977 मध्ये लोकसभेत. नळासाठी भांडणारी बाई हुकूमशाहीविरुद्ध लढायला कमी पडली, असे कुणी म्हटल्याचे ऐकिवात नाही.

आरेचे उदाहरण कुणीतरी काढेलच, तेव्हा आपणच काढू. मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडायला ऐंशी हजारांहून अधिक हरकती गेल्या, त्यातल्या बहुसंख्य ऑनलाइन. ते थोडेथोडके काम नव्हते, आणि ते घरबसल्या झाले म्हणून त्याला नाक मुरडायचेही कारण नाही. पण निर्णय झाला तो महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणात, 29 ऑगस्ट 2019 रोजी, आठ विरुद्ध सहा मतांनी. ऐंशी हजार एका बाजूला आणि दोन मतांचा फरक दुसऱ्या बाजूला. त्या प्राधिकरणावर नगरसेवक बसतात हे त्या ऐंशी हजारांपैकी कितींना 2017च्या फेब्रुवारीत, मतदानाला जाताना किंवा न जाताना, ठाऊक होते? ऑक्टोबरच्या त्या रात्री करवती चालल्या तेव्हा 29 जणांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालय मध्ये पडेपर्यंत दोन हजारांवर झाडे गेली होती.

एक गोष्ट मात्र या स्तंभाला मुळीच मान्य नाही. ‘आधी आपल्या गल्लीतलं बघा, मग गाझावर बोला,’ असे जे दुसऱ्या बाजूचे जल्पक ओरडतात, त्यांना ना गल्लीचे पडलेले असते ना गाझाचे. त्यांना फक्त समोरच्याचे तोंड बंद करायचे असते. गाझावर बोलणाऱ्याने बोलावे, मोर्चाला जाणाऱ्याने जावे. दूरच्या माणसाचे दुःख जवळचे वाटणे ही चांगलीच गोष्ट आहे. सगळ्यांनीच प्रभाग समितीच्या सभेत जाऊन बसावे असा काही कायदा नाही, आणि ज्यांनी ती सभा पाहिली आहे ते कुणाला तसा आग्रह करणारही नाहीत. पंखा कुरकुरत असतो, विषयपत्रिका वाचता वाचता तिसऱ्या विषयाला जेवायची वेळ होते, आणि ज्या अधिकाऱ्याने उत्तर द्यायचे तो ‘साइटवर’ असतो. चळवळीचा कैफ तिथे चढणे अवघडच.

तरीही पुण्यात एक जागा आहे, जिथे खुर्चीवरून न उठता काहीतरी करता येते. 2006पासून पुणे महापालिका पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते. साधा अर्ज: प्रभाग, कामाचे नाव, जागा, ते का हवे. पदपथ, दिवे, बाक, बसथांबा, स्वच्छतागृह अशी पाच लाखांच्या आतली कामे. रक्कम लहान आहे. पण ज्या शहरात बाईमाणसाला रस्त्यावर स्वच्छतागृह शोधत मैलभर चालावे लागते, तिथे स्त्रीवादाचे एक प्रकरण या अर्जात मावू शकते. अर्जांचा प्रतिसाद नेहमीच तुटपुंजा. सुचवलेल्यांपैकी होते किती, याचीही बोंबच आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

याच यादीतल्या पदपथांवर पेव्हर ब्लॉक येतात, आणि या स्तंभाला त्यांचे वावडे आहे. धड असलेला पदपथ उखडायचा, त्यावर ठोकळे बसवायचे, पावसाळ्यात ते डुगडुगायला लागले की पुन्हा उखडायचे, या उद्योगामागचे अर्थशास्त्र काय असते ते शेंबडे पोरही सांगेल. यंदाही मुदत जाहीर होईल, अर्ज निघतील. भांडवलशाहीचे चिकित्सक तेव्हा कुठल्या तरी मोठ्या लढ्यात असतील. पेव्हर ब्लॉकवाल्यांना मात्र तारीख बरोबर ठाऊक असते. त्यांना कुणी लिंक पाठवावी लागत नाही.