कौलाची मुदत

ब्रिटनने युरोपीय संघात राहावे की तो सोडावा, यावर 23 जून 2016 रोजी सार्वमत, म्हणजे एकाच प्रश्नावर मतदारांचा थेट कौल, घेण्यात आले आणि 51.9 टक्के मते सोडण्याच्या बाजूने पडली. 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन बाहेर पडले, तथापि गेली काही वर्षे जनमत चाचण्यांत हा निर्णय चुकला असे मानणारेच अधिक आढळतात. दिलेला कौल बदललेल्या मताला किती काळ बांधतो, हा यातून उद्भवणारा पेच आहे.

पूर्वपक्ष : सार्वमताच्या कायद्याने निकाल सरकारवर बंधनकारक केला नव्हता हे खरे, परंतु सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात जनतेचा निर्णय अमलात आणण्याचे वचन होते, आणि त्यावर विसंबून मत देणाऱ्याला नंतर कायद्याचे मौन दाखवणे हा विश्वासघात ठरतो.

उत्तरपक्ष : ते वचन पाळलेच पाहिजे होते, आणि ते पाळले गेले. मात्र 1975 च्या सार्वमतात सुमारे 67 टक्के मतदारांनी तत्कालीन युरोपीय आर्थिक समुदायात राहण्याचा कौल दिला होता. तो 41 वर्षांनी फिरवता आला, तर 2016 चा कौल तेवढा कायमचा कसा?

पूर्वपक्ष : मधल्या काळात पिढी बदलली, आणि आर्थिक समुदायाचा राजकीय संघ झाला. चार-दोन वर्षांत पुन्हा विचारणे म्हणजे मनाजोगते उत्तर येईपर्यंत विचारत राहणे होय.

उत्तरपक्ष : हा आक्षेप सहज बाजूला सारण्यासारखा नाही. परंतु वर्षे मोजण्याआधी 2016 मध्ये नेमके काय ठरले हे पाहावे लागते. मतपत्रिकेवर राहणे आणि सोडणे एवढेच पर्याय होते. संघ सोडूनही एकल बाजारपेठेत, म्हणजे माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांच्या मुक्त संचाराच्या क्षेत्रात, नॉर्वेप्रमाणे राहायचे की तेथूनही निघायचे, हे मतदारांना कोणी विचारलेच नाही. बाहेर पडण्याला कौलाचा आधार होता. एकल बाजारपेठही सोडण्याला तो नव्हता.

पूर्वपक्ष : मग आता परतण्यासाठी कौल घ्यावा काय?

उत्तरपक्ष : परतणे एकट्या ब्रिटिश मतदारांच्या हाती उरलेले नाही. प्रवेशाला सर्व सदस्य राष्ट्रांची संमती लागते, आणि अंशदानातील जुनी सवलत किंवा पौंड राखण्याची मुभा पुन्हा मिळेलच असे नाही. म्हणून अटी ठरण्याआधी घेतलेला कौल 2016 इतकाच अपुरा राहील.

पूर्वपक्ष : परंतु कौलावाचून अटी ठरवायला बसण्याचे धाडस कोणते सरकार करील?

उत्तरपक्ष : नॉर्वेच्या सरकारांनी ते केले. 1972 मध्ये आणि पुन्हा 1994 मध्ये त्यांनी प्रवेशाच्या अटी आधी ठरवून मग मतदारांपुढे ठेवल्या, आणि दोन्ही वेळा मतदारांनी प्रवेश नाकारला.