डोंगर चढावा, आणि उतरावाही



शाळांना सुट्टी लागली की घराघरांत सहलीची बोलणी सुरू होतात. कुणी महाबळेश्वरला जाते, कुणी मनालीला, तर काही कुटुंबे थेट स्वित्झर्लंडचा बेत आखतात. तिथल्या युंगफ्राउयोखला १९१२ सालापासून रेल्वे जाते. ३४५४ मीटर उंचीवर गाडीतून उतरले की चहूकडे बर्फच बर्फ! असे डोंगर जरूर पाहावेत. निर्माणकर्त्याची स्तुती तिथे आपोआप ओठांवर येते. मात्र खाली उतरताना आपण सोबत काय आणतो, याचाही विचार आपण ख्रिस्ती माणसांनी करायला हवा.

आपल्या शहरापासून वेरूळ अवघ्या ३० किलोमीटरवर आहे. तिथल्या ३४ लेण्यांची १९८३ साली जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. त्यांतले सोळावे कैलास लेणे आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात घडले. खरा कैलास पर्वत दूर तिबेटात, ६६३८ मीटर उंच. तिथवर कितीजण पोचणार? त्याच्या नावाचे हे मंदिर इथे, आपल्या काळ्या दगडात उभे राहिले. पाथरवटांनी डोंगराच्या माथ्यावर काम सुरू केले आणि छिन्नी-हातोड्याने खोदत ते खाली आले. आधी कळस, मग पाया. ते आपले उपासनास्थान नाही. पण ज्यांचे आहे त्यांच्या श्रद्धेचा मान राखून आपणही त्यातून शिकू शकतो. कळस कोरून ते कारागीर वरच थांबले असते, तर आत जायला दार कुठून मिळाले असते?

शुभवर्तमानातही असेच एक उतरणे आहे. प्रभू येशूने पेत्र, याकोब आणि योहान यांना उंच डोंगरावर नेले व त्यांच्यासमोर त्याचे रूपांतर झाले. पेत्राला तिथेच तीन मंडप उभारून राहावेसे वाटले. परंतु येशूने त्यांना खाली आणले. पायथ्याशी एक बाप आपल्या आजारी मुलाला घेऊन वाट पाहत होता. परंपरेने ज्याला हा डोंगर मानतात तो ताबोर समुद्रसपाटीपासून ६०० मीटरही उंच नाही. आपले शहर जवळजवळ तेवढ्याच उंचीवर वसले आहे, आणि म्हैसमाळ तर त्याहून कितीतरी उंच! तेव्हा प्रभूचे तेज दिसायला डोंगर किती मीटरचा असावा, हा प्रश्नच उरत नाही.

इटलीतील तुरीनचे संत पिअर जॉर्जो फ्रासाती यांना डोंगरांचे वेड होते. मित्रांना घेऊन ते आल्प्स चढत, वाटेत प्रार्थना करत. शहरात परतले की सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद म्हणून गरिबांच्या खोल्यांचे जिने चढत. खिशातले गाडीभाडे गरिबाला देऊन पायी घरी येत. १९२५ साली वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी पोलिओने ते गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला गरिबांची गर्दी लोटली, तेव्हा कुठे घरच्यांना त्यांचे हे काम नीट कळले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संतपद दिले.

बंधुभगिनींनो, कर्ज काढून परदेशी जायचे, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईला मात्र आठ दिवस कुणाच्या तरी भरवशावर सोडायचे. अशा सहलीच्या फोटोंत प्रभूचे तेज कसे उमटेल? ज्या मुलांचे आईवडील रोजंदारीवर जातात, त्यांची सुट्टी घराच्या उंबऱ्यावरच संपते. वेरूळ जवळ असूनही काहींनी ते अजून पाहिलेले नाही.

म्हणून या सुट्टीत आपण एवढे करू या. सहलीला निघण्यापूर्वी आपल्या धर्मग्रामातील एका आजाऱ्याला भेटू या. वेरूळला किंवा म्हैसमाळला जाताना गाडीतली एक जागा शेजारच्या अशा मुलासाठी ठेवू या. आणि परतल्यावर, फोटो दाखवण्याआधी, घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ तासभर बसू या.

डोंगरावरून खाली उतरलेला प्रभू येशू आपणा सर्वांच्या सोबत चालो. आमेन.