वही कुणाकडे राहणार?

॥ श्री ॥

पंचवटी, नाशिक

चि. सोनूस, आत्याचे अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता दोनदा वाचला. कुलसंमेलनाच्या तयारीसाठी पाच ॲप, प्रत्येकाचं महिन्याचं भाडं, प्रत्येकापुढे तारे. एवढं रेखीव काम आपल्या घरात आजवर कुणी केलं नाही, म्हणून आधी कौतुक. आणि आता त्यावर पाणी ओतते: यातलं एकही घेऊ नकोस.

तू तारे दिलेस ते तुझ्या फोनवर बघून. निवड सुरू करायची ती आपल्या कुळातला सगळ्यांत जुना फोन कुणाकडे आहे तिथून. वणीच्या मोठ्या काकूंकडे बटणांचा फोन आहे, हे तुलाही ठाऊक आहे. नवं ॲप उतरवा, खातं उघडा, पासवर्ड टाका, एवढं म्हटलं की निम्मं घर 'नंतर बघू' म्हणतं, आणि ते 'नंतर' थेट मांडवातच उगवतं.

गेल्या खेपेची गंमत तू पाहिली नाहीस, तू तेव्हा परीक्षेत होतीस. आम्ही व्हॉट्सॲपवर मतदान टाकलं होतं. येणार, नाही, बघू. आकडा बघून सगळे खूश. पण ते मतदान फोनागणिक होतं, माणसागणिक नाही, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सिडकोतल्या दादानं एकदा 'येणार' दाबलं आणि सहा माणसं घेऊन आला. नाशिकरोडच्या घरातून तिघांनी दाबलं, आला एकटा धाकटा. आचाऱ्याला ८० पानं सांगितली होती, जेवायला बसली ११०. पुरणपोळी दुसऱ्या पंगतीतच संपली आणि तिसरी पंगत आमटी-भातावर उठली. ती नेमकी जावयांची होती. तुझ्या काकांनी त्यावर अजून एक शब्द काढलेला नाही, यातच काय ते समज.

तेव्हा व्हॉट्सॲप ठेव, पण निरोपापुरतं. मोजदाद गूगल फॉर्मवर घे आणि फॉर्म माणसाला एक नको, घराला एक. घरातून मोठी किती, लहान किती, आदल्या रात्री मुक्कामाला किती, कांदा-लसूण न खाणारे किती, जिना न चढू शकणारे किती. शेवटचा प्रश्न गाळू नकोस. मंगल कार्यालयवाले जेवणाचा हॉल हटकून पहिल्या मजल्यावर दाखवतात. फॉर्म मराठीत कर. त्यात 'फोटो जोडा' असा प्रश्न मात्र घालू नकोस. फाइल जोडायची म्हटली की गूगल आधी खात्यात शिरायला सांगतं, आणि खातं नसलेला तिथेच अडतो. 'एकाला एकच उत्तर' ही खूणही करू नकोस, तिथेही तीच अडचण. दोनदा भरलेलं घर तुला तक्त्यात दिसेलच, एक ओळ पुसून टाक. आणि काकूंसारख्यांचा फॉर्म आपण फोन करून, त्यांना विचारून, आपल्या हातानं भरायचा. हे काम वाटून घे. प्रत्येक तरुणाच्या वाट्याला पाच म्हातारी घरं. या निमित्तानं फोन तरी होतील.

तारखेसाठी तू जे मतदानाचं साधन सुचवलं आहेस, ते पुण्या-मुंबईच्या नोकरदारांना ठीक. शनिवार-रविवार टाकले, खुणा झाल्या, तारीख ठरली. पण दिंडोरी आणि पिंपळगावच्या आपल्या घरांचं पंचांग वेगळं आहे. एप्रिलात खरड छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, आणि जानेवारीपासून माल निघेपर्यंत त्यांना बागेबाहेर पाऊल टाकता येत नाही. मतदानात ते 'नाही' असंसुद्धा दाबत नाहीत, गप्प राहतात, आणि गप्प राहिलेला माणूस त्या यंत्रात मोजला जात नाही. त्यांना आधी विचार, मग उरलेल्या दोन-तीन तारखा मतदानाला टाक. चैत्रात राम नवमीपासून पौर्णिमेपर्यंत वणीला सप्तशृंगीचा उत्सव असतो, तेव्हा काकूंचं घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात इथे सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत. तेव्हा नाशकात मांडव घालायचा विचारही मनात आणू नकोस. मला तरी दिवाळीनंतरचा पहिला मोकळा रविवार बरा वाटतो. भाऊबीजेला आलेल्या आम्ही माहेरवाशिणी तेव्हा अजून परतलेल्या नसतो.

परदेशातल्या मंडळींना जोडून घ्यायचं तर ते सकाळच्या पूजेला नको. आपले सकाळचे दहा म्हणजे न्यूयॉर्कची मध्यरात्र. हिवाळ्यात आपल्या संध्याकाळच्या साडेसहाला तिकडे सकाळचे आठ वाजलेले असतात, ती वेळ धर. फुकटातलं झूम ४० मिनिटांत तुटतं, मीट तासाभरात. तेवढा वेळ पुरे. त्याहून लांबलं की सगळे एकदम बोलायला लागतात.

पैशांचं थोडक्यात. वर्गणी यूपीआयनं एकाच खात्यावर घे, पण हिशेबाचा तक्ता दोघांच्या हाती ठेव, आणि तो सगळ्यांना बघता येऊ दे, बदलता नको.

आता तुझ्या तक्त्यातल्या शेवटच्या नावाविषयी, वंशवृक्षाच्या त्या साइटविषयी. ते नाव वाचून मला रामकुंड आठवलं.

२००३ चं सिंहस्थ उरकल्यावर तुझे आजोबा मला घेऊन रामकुंडावर आपल्या क्षेत्रोपाध्यांकडे गेले होते. उपाध्यांनी आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं आणि आत जाऊन कापडात बांधलेलं एक बाड आणलं. दहा मिनिटांत पान निघालं. आजोबांच्या आजोबांनी तीर्थयात्रेला आले असताना स्वतःच्या हातानं लिहिलेलं, मोडीत. आम्हां दोघांनाही ते वाचता येईना. उपाध्यांनी घडाघडा वाचलं. कोण आले, कुठून आले, बरोबर कोण होतं, भाऊ किती, मुलगे किती. खाली पुढच्यासाठी जागा सोडलेली. आजोबांनी तिथे आपलं आणि तुझ्या बाबा-काकांचं नाव लिहिलं, सही केली, दक्षिणा ठेवली. अशा वह्या त्र्यंबकला आहेत, काशीला आहेत, हरिद्वारला आहेत. हरिद्वारच्या वह्यांची मायक्रोफिल्म तर अमेरिकेतल्या युटाहच्या वंशावळी संस्थेनं १९७० च्या दशकातच काढायला घेतली.

ती वही टिकली कशी, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ती एका घराची जबाबदारी होती आणि ते घर कुठे राहतं हे सगळ्यांना माहीत होतं. आपली वही कुणाकडे आहे, असं विचारलं तर तुझं हे ॲप काय सांगणार? ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये गेलं, आणि कित्येक कुटुंबांची वर्षानुवर्षांची पत्रं तिथेच होती. जेनी ही वंशवृक्षाची साइट २०१२ मध्ये मायहेरिटेज या तशाच दुसऱ्या कंपनीनं विकत घेतली. कंपन्यांनी असं करू नये असं मी म्हणत नाही, तो त्यांचा धंदा आहे. पण साधन घेताना तारे बघू नकोस, बाहेर पडायचा दरवाजा बघ. आत भरलेलं सगळं एका फायलीत उचलून आणता येतं का? वंशवृक्षासाठी गेडकॉम नावाची फाइल १९८४ पासून चालत आली आहे. ती काढून देत असेल तरच त्या साइटचा विचार कर. आणि मजकूर युनिकोडमध्येच असू दे. आपला कुलवृत्तांत छापला तेव्हा तो त्या वेळच्या डीटीपीच्या फॉन्टात बसवला होता. आज ती फाइल उघडली की पणजोबांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविराम दिसतात. मोडी तरी कुणीतरी वाचून दाखवतं.

वंशवृक्षाच्या साइटची एक गोष्ट मात्र मी कबूल करते. रामकुंडावरच्या त्या पानावर मुलींची नावं नव्हती. आजोबांनी लिहिलं तेव्हा मी त्यांच्या शेजारीच उभी होते, त्यांची थोरली लेक, आणि त्यांनी तीन मुलगे लिहून पेन बंद केलं. त्यांना काही वाटलं नाही, कारण त्यांच्या आधीच्यांनीही तसंच लिहिलं होतं. मलाही तेव्हा वाटलं नाही, घरी आल्यावर वाटलं. संगणकाच्या वृक्षात लेकीच्या नावापाशी फांदी थांबत नाही. तिची मुलं, नातवंडं, सगळी तिथे असतात. त्यासाठी मी ते साधन डोक्यावर घेतलं असतं.

पण तिथेच एक मेख आहे. त्या झाडात प्रत्येकाची जन्मतारीख आणि प्रत्येकीचं माहेरचं आडनाव असतं. आणि बँकेतून फोनवर ओळख पटवताना काय विचारतात? जन्मतारीख, नाहीतर आईचं माहेरचं आडनाव. २०१८ मध्ये मायहेरिटेजच्या नऊ कोटींहून अधिक खात्यांचे ईमेल पत्ते आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर सापडले होते. वंशावळी सुटल्या नव्हत्या असं कंपनीनं सांगितलं, तेही खरं असेल. पण दोनशे जणांच्या वतीनं हा धोका तू किंवा मी पत्करायचा नाही. जालावर ठेवायचंच असेल तर पूर्ण तपशील दिवंगतांपुरता ठेव. जिवंत माणसांचं नाव आणि गाव पुरे.

बाकीचं कागदावर. मी मेन रोडवरून दोनशे पानांची जाड बांधणीची वही आणली आहे. संमेलनात दारापाशी टेबल टाकून ती ठेवायची, शाईचं पेन दोऱ्यानं बांधून. येईल त्यानं आपल्या घराचं पान आपल्या हातानं लिहायचं. लेकी, सुना, जावई, सगळे. संध्याकाळी तू प्रत्येक पानाचा फोटो काढून तीन घरी ठेव. मूळ वही माझ्याकडे, माझ्यानंतर तुझ्याकडे.

पहिलं पान मी कोरं सोडलं आहे. तुझ्या आईचं माहेरचं नाव, आडनाव, गाव मला माहीत आहे, पण मी लिहिणार नाही आणि तूही मला फोनवर कळवू नकोस. तिला घेऊन ये, ती लिहील.

तुझी,
आत्या